सोलच्या रेकॉर्डी ओळखण्यासाठी लेबलच्या सूची कशा वापराव्यात

सोलच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या त्या नावाच्या संगीताच्या, रेकॉर्डी जमवायला लागलेल्या माणसाला पहिला सल्ला हमखास मिळतो: आधी किमतींचं पुस्तक घे. नका घेऊ. किमतींचं पुस्तक सगळ्यात शेवटी लागतं. त्यातला आकडा एका ठरावीक प्रतीचा असतो, आणि आपल्या हातात आहे ती तीच प्रत का, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. ते कळतं लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, सूचीवरून. एखाद्या कंपनीने कोणत्या क्रमांकाने काय काढलं, ते कधी आणि कुठे ध्वनिमुद्रित झालं, कोणत्या मास्टरवरून (मूळ ध्वनिमुद्रणावरून) छापलं, हे सगळं पानोपानी मांडणारी पुस्तकं गेल्या पन्नास वर्षांत झाली आहेत. ती घेणारे पुष्कळ भेटतात, नीट वापरणारे थोडे. हा लेख वापरण्याबद्दल आहे.

इथे मी साधारण १९५९ ते १९७५ या काळातल्या अमेरिकन सात इंची सिंगल्सबद्दल बोलतो आहे. एलपींचं शास्त्र वेगळं. भिंग, चांगला दिवा आणि वही तुमच्याकडे असणारच, असं धरून चालतो.

पायरी १ : एकच घराणं निवडा

मोटाउन, स्टॅक्स, अटलांटिक, चेस, किंग या सोल काढणाऱ्या अमेरिकन कंपन्या. यांपैकी एक निवडा आणि त्याची पुस्तकं अंगवळणी पडेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका.

पायरी २ : पुस्तकांचे प्रकार वेगळे करा

दुकानात ही पुस्तकं एकाच फळीवर असतात, पण त्यांची कामं वेगवेगळी आहेत, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की गोंधळ होतो.

पहिला प्रकार सत्रवार सूचीचा. यात मिशेल रुप्ली या फ्रेंच सूचीकाराला तोड नाही. अटलांटिकची सूची चार खंडांत (१९७९), चेसची दोन खंडांत (१९८३), किंगची दोन खंडांत (१९८५). कंपनीच्या नोंदींवरून प्रत्येक ध्वनिमुद्रण-सत्राची तारीख, ठिकाण, मिळतील तितकी वादकांची नावं, प्रत्येक गाण्याचा मास्टर क्रमांक आणि ते गाणं पुढे कोणत्या सिंगलवर किंवा एलपीवर आलं, हे एकाखाली एक दिलेलं असतं. शेवटी क्रमांकवार यादी आणि कलाकारांची सूची. एकदा वाचायची सवय झाली की एका सिंगलच्या दोन बाजू दोन वेगळ्या ठिकाणच्या आहेत हेही दिसायला लागतं. अरीथा फ्रँकलिनची अटलांटिक २३८६ ही १९६७ची सिंगल घ्या. पहिली बाजू अलाबामातल्या मसल शोल्स गावी जानेवारीत मुद्रित झाली. दुसरीची सुरुवात तिथेच झाली, पण ती पुरी झाली न्यूयॉर्कमध्ये. नुसतं लेबल पाहून हे कधीच कळणार नाही.

दुसरा प्रकार क्रमांकवार यादीचा. बॉब मॅग्रा यांचे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) काढणाऱ्या छोट्या कंपन्यांवरचे खंड या प्रकारात मोडतात. लेबलचं नाव, खाली क्रमांक, समोर कलाकार आणि दोन्ही बाजूंची गाणी. ज्या छोट्या लेबलांच्या वाट्याला स्वतंत्र पुस्तक आलं नाही, त्यांच्यासाठी हाच आधार. मॅग्रा यांचीच सोलची सूची मात्र कलाकारवार आहे, त्यामुळे मागवण्याआधी कोणती मागवतो आहोत हे बघा.

तिसरा प्रकार इतिहासाचा. रॉब बोमन यांचं स्टॅक्सवरचं पुस्तक (१९९७) आणि रॉबर्ट प्रूटर यांचं शिकागोच्या सोलवरचं पुस्तक (१९९१) ही दोन मी कुणालाही डोळे झाकून सुचवतो. क्रमांक शोधायला ती उपयोगी नाहीत. पण वितरण कुणाकडे होतं, कंपनी कधी विकली गेली, निर्माता कुठून कुठे गेला, हे त्यांत मिळतं, आणि सूचीतल्या अर्ध्या विसंगतींचं उत्तर तिथेच असतं. प्रूटर तर वी-जे, वन-डर-फुल, ओके, चेस अशा कंपन्या धरूनच शिकागोची गोष्ट सांगतात, त्यामुळे लेबल जमवणाऱ्याला ते पुस्तक दुप्पट कामाचं.

मोटाउनचं प्रकरण निराळं आहे. तिथे सगळ्यात भरवशाचं साधन दुकानात पुस्तक म्हणून मिळतच नाही. २००५ ते २०१३ या काळात १४ संचांत निघालेल्या मोटाउनच्या समग्र सिंगल्सच्या सीडी-संग्रहासोबतच्या पुस्तिका, हे ते साधन. १९५९ ते १९७२ या काळातली प्रत्येक सिंगल त्यांत प्रकाशनाच्या तारखेनुसार लावलेली आहे आणि प्रत्येकीवर टिपण आहे. मास्टर क्रमांकांवरून जायचं असेल तर रेजिनल्ड बार्टलेट यांची १९९१ची सूची शोधा.

चौथा प्रकार लोकप्रियतेच्या तक्त्यांचा, म्हणजे जोएल व्हिटबर्न यांची पुस्तकं. ती तारखेसाठी वापरणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक हवी. बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाने आपला आर अँड बी सिंगल्सचा तक्ता नोव्हेंबर १९६३च्या अखेरीस बंद केला आणि जानेवारी १९६५मध्ये पुन्हा सुरू केला. सोलच्या भरभराटीचं जवळजवळ सव्वा वर्ष त्या तक्त्यात नाही. मार्था अँड द व्हॅन्डेलाजचं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' (मोटाउनच्या गॉर्डी या उपलेबलचा क्रमांक ७०३३, १९६४) काळ्या श्रोत्यांत चाललं नाही, असा निष्कर्ष त्या कोऱ्या जागेवरून काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्या दिवसांत मोजणाराच जागेवर नव्हता.

पायरी ३ : प्रस्तावना आणि संक्षेपांचं पान आधी वाचा

कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. प्रत्येक सूचीकाराचे संक्षेप वेगळे असतात. कोणती लेबलं धरली आणि कोणती सोडली, तारीख ध्वनिमुद्रणाची की प्रकाशनाची, अंदाजाने घातलेली माहिती कशी दाखवली, हे फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

पायरी ४ : मॅट्रिक्स वाचणं

खरी कसोटी इथे आहे. मला सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने घेतला, आणि लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात तेही इथेच. बाकीच्या पायऱ्या चाळल्या तरी चालतील, ही दोनदा वाचा.

रेकॉर्डवर दोन प्रकारचे आकडे असतात. लेबलवर ठळक छापलेला असतो तो विक्रीचा क्रमांक. दुकानदाराने कोणती पेटी मागवायची, एवढ्याचपुरता त्याचा उपयोग. दुसरा असतो मास्टर किंवा मॅट्रिक्स क्रमांक. तो गाण्याच्या त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. कधी तो लेबलवर बारीक अक्षरात दिसतो, आणि जवळजवळ नेहमीच खोबणी संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते, तिच्यात कोरलेला किंवा ठसा मारलेला असतो. दुकानाची पाटी कितीदाही बदलली तरी जमिनीचा सातबारा बोलतो, तसं या क्रमांकाचं आहे. सत्रवार सूची याच क्रमांकावर उभी असते.

याचा पुरावा स्टॅक्समध्ये बघा. बुकर टी अँड द एम.जी.ज यांचं 'ग्रीन अनियन्स' १९६२मध्ये आधी स्टॅक्सच्याच व्होल्ट या उपलेबलच्या १०२ क्रमांकावर आलं, तेही दुसऱ्या बाजूला. मागणी त्याच बाजूला आली, तेव्हा तेच गाणं पहिल्या बाजूला घेऊन स्टॅक्स १२७ या क्रमांकाने काढलं. लेबल बदललं, क्रमांक बदलला, बाजू बदलली. ध्वनिमुद्रण तेच.

आता याच्या नेमकं उलट. मिरॅकल्सचं 'शॉप अराउंड', मोटाउनच्याच टॅमला लेबलची ५४०३४, १९६०. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याला निघालेली आवृत्ती संथ वाटली, त्याने मंडळींना पुन्हा स्टुडिओत बोलावलं आणि वेगवान आवृत्ती मुद्रित करून बाजारात आणली. देशभर गाजली ती ही दुसरी. पण विक्रीचा क्रमांक दोन्हींचा एकच. लेबलवर विसंबून राहिलात तर दुर्मीळ पहिली आवृत्ती हातात असूनही तुम्ही ती नेहमीची म्हणून परत ठेवाल, नाहीतर नेहमीची दुर्मीळ म्हणून विकत घ्याल. फरक कळतो तो फक्त लेबलभोवतीच्या पट्टीवर. समग्र संग्रहाच्या पहिल्या संचात दोन्ही आवृत्त्या आहेत, त्या पाठोपाठ ऐका म्हणजे कानालाही खूण पटेल.

आता ती पट्टी वाचायची कशी. डोक्यावरच्या दिव्याखाली काही दिसत नाही. खोलीतला दिवा मालवा, टॉर्च किंवा टेबललॅम्प रेकॉर्डच्या पातळीला जवळजवळ आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. खरवडलेल्या रेघांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं उभी राहतात. दिसलं ते जसंच्या तसं उतरवून घ्या. आडव्या रेघा, मोकळ्या जागा, खोडलेले आकडे, त्रिकोण, वर्तुळ, काही सोडू नका. हाताने कोरलंय की यंत्राने ठसा मारलाय, हेही लिहा. दोन्ही बाजूंचं लिहा. एका बाजूवरून दुसरीचा अंदाज कधीच बांधू नका.

लिहून झालं की बहुतेक जण ती अख्खी ओळ पुस्तकात शोधायला लागतात, ती सापडत नाही, आणि मग रेकॉर्ड नकली ठरवून मोकळे होतात. सापडणार कशी? त्या पट्टीत तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं असतं. कंपनीने दिलेला मास्टर क्रमांक, हा पहिला थर. ज्या माणसाने लॅकरवर (छपाईचा साचा ज्यावरून बनतो त्या तबकडीवर) खोबणी कापली त्याच्या किंवा त्याच्या स्टुडिओच्या खुणा, आणि ही कितवी कापणी हे सांगणारा शेपटाचा आकडा, हा दुसरा. जिथे रेकॉर्ड छापली त्या कारखान्याची खूण, हा तिसरा. सूचीत असतो तो फक्त पहिला थर. उरलेले दोन बाजूला काढले की क्रमांक पुस्तकात पटकन मिळतो. पण ते फेकून द्यायचे नाहीत. मूळ छपाई की नंतरची, हा निकाल तेच देतात.

अटलांटिकपासून सुरुवात केलीत तर सोपं जाईल, कारण त्यांनी हे थर लेबलवरच छापून ठेवले आहेत. साठच्या दशकातल्या सिंगलवर मास्टर क्रमांकामागे पीएल, एसपी किंवा एमओ अशी अक्षरं दिसतील. पीएल म्हणजे मेम्फिसचा प्लास्टिक प्रॉडक्ट्स, एसपी म्हणजे पेनसिल्व्हेनियात ऑलिफंटचा स्पेशालिटी, एमओ म्हणजे लॉस एंजेलिसचा मोनार्क. एवढ्या मोठ्या देशात एकाच कारखान्यातून माल पाठवणं परवडायचं नाही, म्हणून तीच सिंगल एकाच आठवड्यात तीन ठिकाणी छापली जायची. तिन्हींच्या लेबलवरची अक्षरजुळणी वेगळी, कागदाचा रंग किंचित वेगळा, आणि तिन्ही अस्सल. 'हिचा टाइप वेगळा दिसतो, म्हणजे बूटलेग' (चोरून छापलेली नक्कल) असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी कारखान्याची अक्षरं वाचायला सांगा.

मोनार्कची आणखी एक खूण डोक्यात ठेवा: छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा. हा आकडा मोनार्कचा स्वतःचा कामाचा क्रमांक आहे, रेकॉर्ड कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. तो वर्षागणिक चढत जातो. ज्यांची तारीख पक्की माहीत आहे अशा काही रेकॉर्डींचे त्रिकोणाचे आकडे वहीत टिपून ठेवलेत की तारीख नसलेल्या रेकॉर्डीचं वर्ष तुम्ही स्वतःच काढू शकता.

छोट्या लेबलांसाठी याहून मोठा आधार आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीच्या कस्टम विभागाचा. गावोगावच्या लहान कंपन्या आपली रेकॉर्ड आरसीएकडून छापून घ्यायच्या, आणि आरसीए आपल्या पद्धतीने क्रमांक द्यायची. त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे वर्ष. एल म्हणजे १९६०, एम १९६१, एन १९६२, पी १९६३, आर १९६४, एस १९६५, टी १९६६, यू १९६७, डब्ल्यू १९६८. मधली काही अक्षरं गाळलेली आहेत, हे ध्यानात ठेवा. ज्या लेबलने आयुष्यात दोनच रेकॉर्डी काढल्या, ज्याचं कुठल्याही पुस्तकात वर्ष नाही, त्याच्या रेकॉर्डीचंही वर्ष या एका अक्षराने हातात येतं. मात्र हे वर्ष काम आरसीएकडे पोचल्याचं. गाणं त्याआधीच मुद्रित होऊन पडून राहिलेलं असू शकतं.

मोटाउनवाल्यांनी एआरपी ही अक्षरं ओळखायला शिकावं. मिशिगनमधल्याच ओवोसो गावचा अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग हा कारखाना डेट्रॉइटच्या जवळचा, म्हणून मोटाउनचा भरपूर माल तिथे छापला गेला. १९७२मध्ये तो आगीत गेला. किंगवाल्यांना मात्र हा कारखान्यांचा शोध फारसा घ्यावा लागत नाही. किंगचा मालक सिड नेथन याने सिनसिनाटीत ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंत सगळं एकाच आवारात ठेवलं होतं.

आता बूटलेगबद्दल. इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात जुन्या, न चाललेल्या अमेरिकन सोल सिंगल्सवर रात्रभर नाचणारी तरुणाई होती. यालाच नॉर्दर्न सोल म्हणतात. विगन कसिनोसारख्या नाचाच्या ठिकाणी (१९७३ ते १९८१) एखादी रेकॉर्ड गाजली की तिची मागणी एकदम वाढायची, आणि प्रती तर मोजक्याच. तिथून नकलांचा पूर आला. त्या आजही बाजारात फिरतात, कित्येकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. यांना पकडण्यासाठी मी तीन गोष्टी एकत्र बघतो.

एक, कोरीव की ठसा. मूळ छपाईवर यंत्राचा ठसा असल्याची नोंद असेल आणि तुमच्या प्रतीवर हाताने खरवडलेले आकडे असतील, तर व्यवहार तिथेच थांबवा.

दोन, पदार्थ. साठच्या दशकातल्या बऱ्याच सिंगल्स विनाइलच्या नसून स्टायरिन या दुसऱ्या प्लास्टिकच्या आहेत. विनाइलवर लेबल छपाईच्या वेळीच दाबलं जातं, ते तबकडीत रुतलेलं दिसतं. स्टायरिनवर ते नंतर चिकटवलेलं असतं, त्याची कड नखाला लागते, कधी ते सुटायलाही आलेलं असतं. स्टायरिन हलकं आणि कडक असतं, बोटाने टिचकी मारली तर त्याचा आवाज कोरडा येतो. मूळ रेकॉर्ड फक्त स्टायरिनवर निघालेली असेल आणि समोर विनाइल आलं, तर प्रश्न मिटला.

तीन, या सगळ्याचा मेळ. मोनार्कचा त्रिकोण आहे, पण रेकॉर्ड विनाइलची आहे, तर कसून चौकशी करा, कारण मोनार्कच्या त्या काळातल्या सिंगल्स सहसा स्टायरिनच्या असतात. एकेकटी खूण फसवते. क्रमांक, कारखाना आणि पदार्थ हे तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवा.

परदेशातून टपालाने मागवत असाल तर पैसे पाठवण्याआधी दोन्ही बाजूंच्या पट्टीचे फोटो मागा. लेबलचे नव्हे, पट्टीचे. एका विक्रेत्याने मला मॅट्रिक्स म्हणून लेबलवरचा विक्रीचा क्रमांकच उतरवून पाठवला होता, आणि पुन्हा विचारल्यावर 'शंभर टक्के ओरिजिनल' एवढंच लिहिलं. अशा उत्तरावर मी रेकॉर्ड घेत नाही, किंमत कितीही मोहात पाडणारी असो. फोटो न देणाऱ्याशी व्यवहार करू नका. याला अपवाद नाही.

पायरी ५ : पुस्तक आणि रेकॉर्ड यांचं पटत नसेल तर

अशा वेळी पुस्तक चूक की रेकॉर्ड नकली, या वादात पडण्याआधी कंपनीचा इतिहास उघडा. पुष्कळदा दोन्ही बरोबर असतात.

स्टॅक्सचंच घ्या. जिम स्टुअर्टने १९५७मध्ये काढलेल्या या कंपनीचं आधीचं नाव सॅटेलाइट, १९६१पासून स्टॅक्स. कार्ला थॉमसचं 'जी व्हिझ' आधी सॅटेलाइट १०४वर आलं, मग अटलांटिकने ते उचललं आणि २०८६ या आपल्या क्रमांकाने देशभर नेलं. मे १९६८मध्ये स्टॅक्स आणि अटलांटिक वेगळे झाले, आणि तोवर अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या मास्टर्सची मालकी अटलांटिककडे राहिली. म्हणून १९६८च्या अलीकडचं आणि पलीकडचं स्टॅक्स ही संग्राहकासाठी दोन वेगळी प्रकरणं आहेत. निळसर लेबलवर रचलेल्या रेकॉर्डींचं चित्र असेल तर अटलांटिकच्या काळातलं, पिवळ्या लेबलवर चुटकी वाजवणारी बोटं असतील तर नंतरचं. १९६७ची म्हणून दिलेली सिंगल पिवळ्या लेबलवर दिसली, तर ती मूळ छपाई नव्हे.

चेसमध्ये आर्गो हे उपलेबल १९६५मध्ये कॅडेट झालं, कारण आर्गो नावाची कंपनी इंग्लंडमध्ये आधीपासून होती. क्रमांकांची मालिका मात्र तशीच पुढे चालू राहिली. शिवाय चेसकडे बाहेरून विकत आलेल्या ध्वनिमुद्रणांना क्रमांक मिळायचा तो टेप शिकागोत पोचल्यावर. त्यामुळे मास्टर क्रमांकाच्या ओळीवरून मुद्रणाची तारीख काढायला जाल तर फसाल.

सूचीत 'अप्रकाशित' असं दिसलं की काही जणांचे डोळे चमकतात. अटलांटिकच्या बाबतीत या शब्दाला दुःखाची किनार आहे. फेब्रुवारी १९७८मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या गोदामाला आग लागली आणि टेपांचा प्रचंड साठा जळून गेला. गाण्याचं नाव, तारीख, क्रमांक नोंदवहीत राहिले, तिथून रुप्लींच्या खंडात आले. यातली कित्येक गाणी आता फक्त त्या छापील ओळीतच उरली आहेत. मी ती पानं नेहमी सावकाश वाचतो.

नॉर्दर्न सोलच्या जुन्या याद्या वापरत असाल तर आणखी एक काळजी घ्या. प्रतिस्पर्ध्याला रेकॉर्ड शोधता येऊ नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवून गाण्याला आणि गायकाला खोटी नावं द्यायचे. ती नावं काही याद्यांत तशीच राहिली. एखाद्या गायकाचं नाव कुठल्याही सत्रवार सूचीत सापडत नसेल, तर आधी हा संशय घ्या.

आपल्याकडच्या जुन्या ७८च्या तबकड्या जमवणाऱ्यांना हे सगळं परकं वाटणार नाही. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात याच चिकाटीचं काम आहे. नाट्यसंगीताच्या तबकड्यांवर डोळा बसलेला असेल, तर सोलच्या पट्ट्या तुम्हाला महिनाभरात वाचता येतील.

पायरी ६ : इंग्लंडच्या आवृत्त्या

मार्च १९६५मध्ये इंग्लंडमध्ये टॅमला मोटाउन हे लेबल सुरू झालं, पहिला क्रमांक टीएमजी ५०१. त्याआधीचं मोटाउन तिथे लंडन, फोन्टाना, ओरिओल, स्टेटसाइड अशा परक्या लेबलांवर आलेलं आहे. टेरी विल्सन यांचं २००९चं पुस्तक यासाठी पुरेसं आहे.

पायरी ७ : स्वतःची वही

लेबलवर कधीही काही लिहू नका, स्टिकर लावू नका. प्रत्येक रेकॉर्डीचा विक्रीचा क्रमांक, दोन्ही पट्ट्यांवरचा अख्खा मजकूर, पदार्थ आणि सूचीचं पान, एवढं वहीत असू द्या. पुस्तकाच्या समासात मात्र पेन्सिलीने खुशाल लिहा. ही पुस्तकं वापरण्यासाठीच आहेत.

संकेतस्थळांवरच्या याद्यांचं काय, असं विचाराल. लेबलांचे फोटो बघायला त्या उत्तम. तारखांसाठी नको. तिथे कुणीतरी एकदा अंदाजाने टाकलेलं वर्ष दहा ठिकाणी उतरवलं जातं, आणि मग दहा ठिकाणी आहे म्हणून खरं मानलं जातं.

पायरी ८ : आता किमतींचं पुस्तक उघडा

रेकॉर्ड कोणती हे पक्कं झालं, आता आकड्याकडे जा. दुर्मीळ सोलसाठी इंग्लंडच्या जॉन मॅनशिप यांचं पुस्तक घ्या. सर्वसाधारण रेकॉर्डींच्या जाडजूड किंमत-पुस्तकांत सोलच्या छोट्या लेबलांना न्याय मिळत नाही. आकडा वाचताना तो प्रचारासाठी पाठवलेल्या पांढऱ्या लेबलच्या प्रतीचा आहे की दुकानातल्या प्रतीचा, हे आधी बघा. मग प्रतीची अवस्था. स्टायरिनच्या बाबतीत नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, वाजवून बघा. झिजलेल्या सुईने वाजवलेली स्टायरिन वरून चकचकीत दिसते आणि आत खरखरते.

फ्रँक विल्सनच्या 'डू आय लव्ह यू' या गाण्यावर या सगळ्या पायऱ्या एकदा चालवून बघा. मोटाउनच्याच 'सोल' नावाच्या उपलेबलची ३५०१९ क्रमांकाची ही १९६५ची सिंगल बाजारात आलीच नाही, मोजक्या प्रती तेवढ्या उरल्या. त्यातली एक २००९मध्ये २५ हजार पौंडांच्या वर गेली. तेच गाणं सत्तरच्या दशकात एडी फॉस्टर या बनावट नावाने बूटलेगवर आलं, आणि १९७९मध्ये इंग्लंडमध्ये टीएमजी ११७० म्हणून अधिकृतपणे निघालं. गाणं एक, रेकॉर्डी तीन, किंमतींत जमीन-अस्मानाचं अंतर. हातात टीएमजीवाली असेल तर ती आवडीने वाजवा, छान छपाई आहे. सोल लेबलची म्हणून कुणी दाखवली, तर दिवा आडवा धरा आणि पट्टी वाचायला घ्या.